जुन्या सिनेमाला हात लावायचा नाही

कृष्णाकाठच्या एका गावात एक भोळा दऱ्याप्पा होता. जिनपालअण्णांच्या तंबू टॉकीजच्या दारात उभा राहून तो तिकिटं फाडायचा. सांगितलेलं काम त्यानं कधी टाळलं नाही. जे सांगितलं ते, जसं सांगितलं तसं. तिथंच सगळी पंचाईत होती.

अण्णांकडे एक काळापांढरा हिंदी सिनेमा होता, एका नावाड्याचा. फार पूर्वी ह्याच गावच्या घाटावर काढलेला. आता जगात त्याची एवढी एकच फिल्म उरली होती. दर जत्रेला अण्णा ती लावायचे. ती तीन जागी फाटलेली होती. त्यामुळे नावाडी वल्हं उचलायचा आणि एकदम त्याचं लग्नच लागायचं. मधलं बोलणं तंबूत बसलेलं गाव बोलायचं. सगळ्यांना पाठच होतं.

एके वर्षी मुंबईहून प्रधान साहेब आले. तोच सिनेमा त्यांना पुन्हा काढायचा होता, रंगीत.

"झालेली आमटी कुणी परत चुलीवर ठेवतं काय?" अण्णा म्हणाले.

"शिळी आमटीच जास्त चवदार लागते, अण्णा," साहेब म्हणाले.

गावात दोन तट पडले. एकमेकांकडे विरजण मागायला जाणं बंद झालं. शेवटी पंचांनी ठरवलं, जत्रेच्या पहिल्या दिवशी नवा सिनेमा लावायचा, दुसऱ्या दिवशी जुना. गाव ज्याला पसंत करील तोच पुढं दर जत्रेला. दुसऱ्याचा डबा कायमचा बंद.

अण्णांचा सगळा जीव त्या डब्यात होता. त्यांनी दऱ्याप्पाला बोलावलं. "साहेबाला मदतीला माणूस पायजे. तू जा. पण एक ध्यानात ठेव. जुन्याला हात लावायचा न्हाई."

"न्हाई लावत," दऱ्याप्पा म्हणाला.

शूटिंग सुरू झालं. जुन्या सिनेमातला नायक आता सत्तरीचा झाला होता. त्याला नव्या सिनेमात नावाड्याच्या बापाचं काम दिलं होतं. घाटाच्या पायरीवरून तो घसरला आणि कमरेपर्यंत चिखलात रुतला. जवळ एकटा दऱ्याप्पा होता. म्हातारा हात पुढं करी. दऱ्याप्पा आपले हात पाठीमागं घेई.

साहेब धावत आले. "अरे, बघत काय उभा राहिलास?"

"जुन्याला हात लावायचा न्हाई, साहेब."

साहेबांनी म्हाताऱ्याला स्वतः ओढून काढलं. "अरे भल्या माणसा, पडलेलं, मोडलेलं दिसलं की हात लावायचा. उभं करायचं. स्वच्छ करायचं."

"आता कळलं," दऱ्याप्पा म्हणाला.

घाटावर नावाड्याची पडकी झोपडी बांधली होती. नवं लाकूड, नवी कौलं आणून कारागिरांनी ती आठ दिवस खपून पडकी केली होती. अमावस्येला शूटिंगला सुट्टी होती. दऱ्याप्पा तिथून चालला होता. त्याला मोडलेलं दिसलं.

दुसऱ्या दिवशी साहेब येतात तर झोपडी ताठ उभी. कौलं शाकारलेली, भिंती लिंपलेल्या, दाराला तोरण.

साहेबांनी झोपडीभोवती एक फेरी मारली. मग म्हणाले, "दऱ्याप्पा, आम्ही ती मुद्दाम मोडली होती. आपला सिनेमा जुन्या काळातला आहे. वस्तू नवी असली तरी जुनी दिसली पाहिजे. चार ओरखडे काढायचे, इथंतिथं फाडायचं. समजलं?"

"आता कळलं," दऱ्याप्पा म्हणाला.

सिनेमा पुरा झाला. जत्रेच्या आदल्या दिवशी मुंबईहून नवीकोरी फिल्म आली आणि तंबूत ठेवली. राखणीला दऱ्याप्पा होता. त्यानं डबा उघडून बघितला. वस्तू नवी होती.

पहिल्या दिवशी तंबू गच्च भरला. पडद्यावर रंगीत नदी आली आणि नदीवर रेघांचा पाऊस. आवाज खरखरत होता. नावाड्यानं वल्हं उचललं आणि एकदम लग्न लागलं. गाव खूश झालं. मधलं बोलणं सगळ्यांनी तोंडानं म्हटलं. पुढं बसलेल्या शांताक्का म्हणाल्या, "रंग सोडला तर अगदी आपलाच हाय की."

अण्णांना साहेबांचं वाईट वाटलं. फार नाही.

साहेब रडवेले झाले होते. "अरे, एवढी खडी घेऊन फिल्म घासलीस? फिल्मवर एक रेघ, एक डाग चालत नाही. ती कशी घासलेल्या ताटासारखी लख्ख पाहिजे."

"आता कळलं," दऱ्याप्पा म्हणाला.

दुसरा दिवस जुन्या सिनेमाचा. अण्णांनी धुतलेलं धोतर नेसलं, मशीनला नारळ फोडला आणि पहिला डबा चढवला. पडद्यावर पांढरा उजेड पडला. गाव थांबलं. उजेडच होता. अण्णांनी दुसरा डबा लावला. पांढरा उजेड. तिसऱ्यातही तेच.

मग शांताक्कांना वाटलं, फाटलेली जागा आली असेल. त्यांनी नावाड्याच्या आईचं बोलणं सुरू केलं. मागून कुणीतरी नावाडी झालं. बघता बघता अख्ख्या गावानं सिनेमा सुरुवातीपासून म्हणायला घेतला. गाणी म्हटली, वादळाचा आवाज काढला. नावाडी बुडाला तेव्हा बायांनी डोळ्यांना पदर लावले. शेवटी टाळ्या थांबेनात. पंचांनी तिथंच सांगून टाकलं, जुना जिंकला.

अण्णा मशीनला टेकून ढसाढसा रडत होते. जिंकलेला सिनेमा आता जगात कुठंच नव्हता.

दऱ्याप्पा जवळ आला. "सकाळपास्नं नदीवर बसून धुतली, अण्णा. राख लावली, रिठा लावला. एक डाग ऱ्हायला न्हाई बघा."

अण्णांनी कपाळावर हात मारला. "आरं, पयल्याच दिवशी तुला काय सांगितलं हुतं मी? जुन्याला हात लावायचा न्हाई म्हणून!"

अण्णांनी आपल्यावर असा संशय घ्यावा ह्याचं दऱ्याप्पाला फार वाईट वाटलं.

"हात कुठं लावला, अण्णा?" तो म्हणाला. "काथ्यानं घासली."