खरेपणाचं बटण

एका पेठेत एक भोळा गडी होता, सदबा. त्याला मिशा वेळेवर आल्या, अक्कल मात्र वाटेत कुठेतरी थांबली. सांगाल ते तो तंतोतंत ऐकायचा, आणि तिथंच घोळ व्हायचा.

त्याचा मामेभाऊ विक्रमदादा तालमीच्या फुटबॉल संघाचा कप्तान. यंदा मैदानाचा पार चिखल झाला, म्हणून या आणि शेजारच्या पेठेतल्या तालमींनी दरसालचा सामना व्हिडिओ गेमवर खेळायचं ठरवलं. हरेल त्या कप्तानानं जिंकणाऱ्यांच्या दारात मिसळ वाढायची. गेल्या साली ती दादानंच वाढली होती. "कप्तान, जरा झणझणीत कट आणा की," असं कुणीतरी म्हणालं होतं, ते अजून त्याच्या जिव्हारी होतं. यंदा काहीही करून जिंकायचं होतं.

अट एकच, गेम खऱ्या सामन्यासारखा वाटला पाहिजे. म्हणून सकाळीच दादा सेटिंग बदलायला बसला. सदबा मदतीला.

"ह्यातली माणसं थकतच न्हाईत," दादा म्हणाला. "त्यांच्या दमाचं बघ जरा."

"बरं, दादा."

सदबा पडद्याजवळ गेला आणि बोट रोखून म्हणाला, "नीट पळा, न्हाईतर एकेकाची तंगडी मोडीन."

दादानं कपाळावर हात मारला. "खुळ्या, तोंडानं दम द्यायचा नसतोय. बटण दाबायचं असतंय."

"बरं, दादा."

तेवढ्यात घाटगे सर आले. शाळेतून निवृत्त झालेले, आणि या सामन्याचे पंच. "गेममधला पंच फार मऊ आहे म्हणे," ते म्हणाले.

"ऐकलंस न्हवं?" दादा म्हणाला. "पंच कडक कर."

या वेळी सदबानं तोंड उघडलं नाही. सरांच्या शर्टाचं पोटावरचं बटण त्यानं शोधलं आणि अंगठ्यानं दाबलं. परत दाबलं.

"दादा, कडक व्हईनात. मऊच लागायल्यात."

सरांनी छत्री उगारली. दादानं कसंबसं त्यांना चहाला धाडलं आणि सदबाला धरलं. "आता काय बी करायच्या आधी मोठ्यानं सांगायचं. समद्यास्नी ऐकू गेलं पायजे. मग करायचं."

"बरं, दादा."

मग दादानं दार लोटून घेतलं. समोरच्या संघाचा दम निम्म्यावर आणला. आपल्या गोलकीपरची उडी वाढवली. सदबा शेजारीच बघत होता. त्याला काय कळतंय, असं वाटून दादानं त्याला गप्प राहायला सांगितलं नाही. सांगितलं असतं, तर सदबा मेला असता पण बोलला नसता.

संध्याकाळी तालमीत दोन्ही पेठा लोटल्या. दादा कंट्रोलर घेऊन सज्ज. सरांनी चष्मा लावून सेटिंग तपासलं. त्यातला 'खरेपणा' एवढा एकच शब्द त्यांना समजला.

"हा कमी का? पूर्ण वर न्या."

"सदबा," दादा म्हणाला, "खरेपणा पूर्ण वर ने."

सदबाला शिकवण आठवली. तो खुर्चीवर चढला आणि खाकरला.

"समद्यांनी ऐका. खरं सांगतो. दादानं सकाळी दार लावून त्यांचा दम निम्मा केलाय. आन् आपल्या गोलकीपरची उडी वाढवलीया."

समोरची पेठ उठून उभी राहिली. दादानं सदबाचा सदरा खाली ओढला.

"सदबा," तो दातओठ खात पुटपुटला, "खरेपणा कमी कर. निम्मा कर."

"बरं, दादा," सदबा म्हणाला आणि आणखी मोठ्यानं ओरडला, "आता निम्मं खरं सांगतो. दादानं निम्मंच केलंय. ऱ्हायलेलं निम्मं घाटगे सरांनी केलंय."

सामना झालाच नाही.

दुसऱ्या दिवशी समोरच्या तालमीच्या दारात दादा मिसळ वाढत होता आणि पाव घाटगे सरांच्या हातात होते. "अहो, मी काही केलं नाही," असं सर एकेका ताटाशी थांबून सांगत होते. कुणी ऐकत नव्हतं. पंगतीत बसलेल्या सदबाला त्यांची फार दया आली.

"सरांचं खरं हाय," तो मोठ्यानं म्हणाला. "निम्मं."