न सांडलेलं तेल

धरणाच्या जलाशयात तेलाचा टँकर उलटला तर बोटी लावून किती तेल परत काढता येईल, याचा अंदाज सांगणारं सॉफ्टवेअर धोत्रेसाहेबांनी बनवलं होतं. ते पाटबंधारे खात्याला विकायला ते स्वतः आले, आणि रुबाब असा, जणू धरणही त्यांनीच बांधलंय. तपासणीचं काम हेमांगी खरवंडीकर या कनिष्ठ अभियंतीकडे होतं. तिने चुकीचा शेरा दिला असता तर उद्या तेलकट पाणी सबंध तालुक्याच्या नळाला आलं असतं.

“यात तपासायचं काय?” धोत्रे मुख्य अभियंत्यांना म्हणाले. “माझं सॉफ्टवेअर चुकत नाही.”

हेमांगीने आकडे भरले. बोटी चार, काम सहा तास, वारा मंद. उत्तर आलं: तीनशे ऐंशी लिटर तेल परत मिळेल.

“हे नक्की ना, सर?”

“थेंबाचाही फरक पडणार नाही. लिहून देतो.” आणि त्यांनी खरोखरच सही ठोकली.

मग हेमांगीने पडदा मुख्य अभियंत्यांकडे वळवला. ‘सांडलेलं तेल’ या रकान्यात तिने शून्य भरलं होतं.

धोत्रे चष्मा पुसू लागले.

“सॉफ्टवेअर छानच आहे, सर,” हेमांगी म्हणाली, “पण आमच्याकडे ते वाया जाईल. तुम्ही दिल्लीला जा. स्वच्छ पाण्यातून चार बोटी इतकं तेल काढत असतील, तर देशाला ते परदेशातून आणायची गरजच काय?”