येसूच्या कुंडाचं पाणी

हात घालू नका, ताई! वाफ दिसतेय ना? भरल्या थंडीतही या कुंडात बोट टिकत नाही. पण एके काळी हे पाणी माठातल्यासारखं गार होतं, असं सांगतात. तापलं ते एका शब्दापायी.

तेव्हा गावची रीत अशी, की नवरानवरीने या पायरीवर बसून ओंजळीत पाणी घ्यायचं आणि देवीसमोर 'जन्मभर' म्हणायचं. धाकू तांडेल आणि येसूनेही म्हटलं. मग धाकू गलबत घेऊन परमुलखात गेला. मागे येसूने त्याच्या आईचं दुखणं काढलं, दर पावसाळ्याआधी घर शाकारलं. धाकू परतला तो दुसरी बायको घेऊन. येसूला म्हणाला, "तू आता माहेरी जा."

येसू खोताकडे गेली. खोत पानाला चुना लावत म्हणाला, "अगं, लग्नात सगळेच म्हणतात. रीत असते ती. शब्दाला एवढं धरून बसू नये."

ती तिथून अशी तरातरा निघाली, की वाटेतली कुत्री भुंकायची विसरली म्हणे. कुंडात कमरेइतक्या पाण्यात उभी राहून ओरडली, "ये रे धाकू! हात बुडव आणि सांग देवीला, ती नुसती रीत होती!"

सगळा गाव जमला. धाकू हसत हसत आला. हात बुडवून म्हणाला, "रीतच होती गं ती!"

चर्र आवाज झाला. उकडलेल्या रताळ्यासारखी त्याच्या हाताची साल निघाली. येसूला मात्र साधा फोडही नाही. आता मी काही बघायला नव्हतो! तिने त्या नव्या पोरीला विचारलं, "तुलाही हाच शब्द दिला का गं?"

पोरीने 'हो' म्हणून मान हलवली मात्र, कुंड रटरटायला लागलं.

"खोत, आता तुमचा हात!"

खोताने दोन्ही हात पाठीमागे नेले. "घर येसूचं," एवढंच कसंबसं बोलला. धाकू गलबतात बसला तो पुन्हा दिसला नाही. त्या घरात दोघी नांदल्या.

आजही इथे लग्नात 'जन्मभर' नवराच म्हणतो, हात पाण्यात घालून. नवरी कोरड्या पायरीवरून विचारते, "रीत म्हणून, की खरं?" खरं बोलणाऱ्याला चटका कमी बसतो म्हणे. गेल्या वर्षी एका नवऱ्याने गुपचूप बर्फाची लादी सोडून ठेवली होती. नवरी पायरीवर वाट बघत बसली. लादी पुरती विरघळली, पाणी पुन्हा वाफाळलं, तेव्हा म्हणाली, "हं, घाला आता हात."