मुका नगारा

डोंगरावरच्या राजनगाऱ्याचा तो घुमणारा आवाज बोधिसत्त्वाने लहानपणी ऐकला, आणि तो कानातून कधी गेला नाही. पूर्वी सुमेधपुरात सुदंत राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व करंजग्रामातल्या एका माळ्याच्या घरी जन्मला आणि वाढून राजाचा अमात्य झाला. नगारा वाजला की गावोगावच्या तळ्यांच्या मोऱ्या, म्हणजे पाणी सोडायची दारे, उघडत. राजधानीतून नगारा वाजवायची आज्ञा निघायला उशीर झाला, तर भरल्या तळ्याकाठी भात करपे.

अमात्य म्हणाला, "महाराज, पाण्याची वेळ शेतकऱ्यांना कळते. पाणी त्यांच्या हाती द्या. राजभागातले अर्धे धान्यही गावातच राहू द्या, त्यातून ते पाट राखतील."

राजाची कोठारे सांभाळणारा राजकोठारी हसला. "खाऊन ढेकर देतील!"

राजा म्हणाला, "एक पीक बघू. बुडाले, तर सगळे पुन्हा माझ्याकडे."

नगारा बंद झाला, आणि पाणी आता गावांच्या हाती असल्याचे गावोगाव कळवले गेले. भात पोटरीला येऊन कणीस धरू लागला तेव्हा अमात्य कोठाऱ्याला घेऊन करंजग्रामात गेला. तळे काठोकाठ, मोरी बंद, शेतांना भेगा. लोक बांधावर बसून डोंगराकडे कान लावून होते.

"कशाची वाट बघता?"

"नगाऱ्याची," गावप्रमुख सोमिल म्हणाला.

पाटाच्या टोकाला शेवटचे शेत असलेली पुष्या उसळली. "खोटं! मोरी उघडली की आधी कोणाला, ते ठरवावं लागेल. तुझं शेत मोरीला चिकटून. माझ्यापर्यंत घोटभर तरी येऊ देशील का?"

"पाणी वरून खालीच येणार ना, बाई! तुझ्यासाठी उलटं वाहायला लावू?"

लोक हसले. मग सगळेच म्हणाले, "अमात्य, तुम्हीच सांगा."

उत्तर अमात्याच्या ओठांवर होते. पण त्याला वाटले, आज मी सांगितले, तर उद्या हे माझी वाट बघत बसतील.

"मी पाहुणा," तो म्हणाला आणि बांधावर बसला. "तुमचे ठरले की उठेन."

दुपारभर भांडण चालले. अखेर पुष्याने सोमिलाला हाताला धरून आपल्या शेतात नेले. तो खाली बसला, पिवळ्या पडलेल्या रोपांवरून हात फिरवत राहिला. परत आला तेव्हा आवाज उतरला होता.

"आधी शेवटचं शेत. मग एकेक वर. माझं सर्वांत मागून. पाट फुटलाय तिथं माती टाका, मजुरी गावच्या धान्यातून. बाई, आता तरी हस."

"पाणी पोचू दे, मग हसते."

मोरी उघडली. संध्याकाळी पुष्या हसली. त्या वर्षी पीक वाचले, आणि राजाने गावांचा हक्क गावांकडेच ठेवला. "गाव तयार नव्हते," कोठारी राजाला म्हणाला, "करता करता झाले."

एवढे सांगून भिक्षूंचे गुरू शास्ता म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा सोमिल म्हणजे आजचा उपासक भद्रिल, पुष्या म्हणजे भिक्षुणी सुवेला. विहाराच्या भांडाराची किल्ली कोणाच्याही हाती न देणारा आपला मेघिल, तो राजकोठारी. आणि अमात्य मीच. दुसऱ्याला शिकू देताना जो धीर लागतो, तीच क्षांती."

मेघिल उठला. त्याने कमरेची किल्ली चाचपली, ती सोडून शेजारच्या भिक्षूच्या हाती दिली, आणि त्याच्यामागून तो भांडाराकडे चालू लागला.