म्हशीनं न ओळखलेली नवरी

लई जुनी गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हा म्हशी बोलायच्या आणि नवरे ऐकायचे.

एका गवळीवाड्यात रीत होती. लेक सासरी निघाली, की तिनं वाढवलेली म्हैस आपल्या पायांनी तिच्यामागं चालत जायची. दोर बांधायचा नाही, काठी उगारायची नाही. लेकीनं तीन हाका मारायच्या. तिसऱ्या हाकेलाही म्हैस हलली नाही, तर लग्न मोडलं! वऱ्हाड आलं तसं माघारी. का, ते मला विचारू नका. रीत घालणारे मेले, मोडणारे अजून जन्मले नाहीत.

तिथल्या एका पोरीचं लग्न लागलं. नवरा तिचा तिनंच पसंत केलेला, त्यामुळं जीव हरखलेला. निघायची वेळ झाली. पोरीनं जन्मात तोंडाला रंग लावला नव्हता. आता अंधाऱ्या कोठीत दिव्यापुढं बसली आणि तांदळाची पिठी थापली. दिव्यात काही दिसेना, म्हणून आणखी थापली. गालांवर गेरू, भुवयांना बोटभर काजळ. मान मात्र होती तशी सावळी. काळ्या मडक्यावर पांढरं झाकण!

बाहेर येताच मावशी म्हणाली, "अगं बाई, किती गोड!" मावश्यांचं काही खरं नसतं, हे तुम्ही जाणताच.

पोरीनं हाक मारली, "चंद्रे, चल गं!"

म्हैस बघतच राहिली. "आवाज आमच्या पोरीचा, तोंड कुणाचं? तिला खाल्लंस की काय गं, चुना फासलेल्या भिंताडे?"

वऱ्हाडी खिदळले. नवरदेव रडकुंडीला आला.

दुसरी हाक. म्हैस दोन पावलं मागंच सरली. पोरीच्या डोळ्यांना धारा लागल्या आणि पिठीत दोन ओहोळ पडले.

झाडाखाली एक म्हातारी भांड्यांना कल्हई करत होती. ती ओरडली, "ए पोरी, तिसरी हाक राखून ठेव! आधी तोंड धू."

पोर तोंड धुऊन आली, मग म्हातारीनं नखभर लोणी तिच्या तोंडाला चोळलं. "मुरू दे. कोरड्यावर रंग तडकतो." पिठीत चिमूटभर गेरू आणि किंचित हळद कालवली, पोरीच्या हनुवटीखाली लावून पाहिली. फिकी वाटली, पुन्हा कालवली. शेवटी लावलेली दिसेनाशी झाली. "हा तुझा रंग."

"आता सगळ्या तोंडाला फासू, आजी?"

"छे! डाग आहे तिथंच लाव, नाकाच्या कडेला. बाकीचं तोंड काय चोरून आणलंयस? कल्हई जाड लावली की ढेकळं दिसतात. पुसत पुसत पातळ लावली, की भांडं चमकतं. हास बघू."

पोर हसली. गाल जिथं वर आले, तिथं म्हातारीनं डाळिंबाच्या रसाचा थेंब बोटानं थोपटला. बोटाला उरलेला रस ओठांवर टेकवला. काजळाची बारीक रेघ ओढली आणि पोरीला उन्हात फिरवून पाहिलं. "दिव्यापुढं रंगवलेल्या तोंडाची ऊन चुगली करतं, बयो. जा आता."

सगळा वाडा माना उंचावून उभा. पोरीनं तिसरी हाक मारली.

म्हैस आली, पोरीला हुंगून खरखरीत जिभेनं तिचा हात चाटत म्हणाली, "हीच की आमची! आज झोप बरी झालेली दिसते."

पोर पुढं, म्हैस मागं, आणि डोळे पुसणारा नवरदेव म्हशीच्याही मागं, असं वऱ्हाड निघालं. त्या दिवसापासून वाड्यातल्या पोरी अंगणात, उन्हात, म्हशीसमोर बसून नटू लागल्या.

तात्पर्य : रंग असा लावावा, की बघणाऱ्याला रंग नव्हे, आपलं माणूस दिसावं.