खोपटाच्या टेकडीवरचे चार खळगे

खारभाटला येणारा प्रत्येक पाहुणा ही टेकडी चढतो आणि धापा टाकत विचारतो, खोपट कुठे आहे? नाव खोपटाची टेकडी, आणि वर पाहावं तर उघडा कातळ. त्या कातळात हे चार खळगे आहेत, हातभर खोल. बस, एवढंच. मागे एका पुढाऱ्याने इथे सिमेंटचं देऊळ बांधून देतो, पायऱ्या आणि दिवे करून देतो असं सांगितलं होतं. गावाने नको म्हटलं. का, ते इनासची गोष्ट ऐकल्याशिवाय कळायचं नाही.

खाली खाडीपर्यंत सगळी मिठागरंच होती, तेव्हाची ही हकिकत. इनास त्यातल्या एका आगरावर मीठ काढायचा. त्याची आणि कातरीनची एकुलती एक मुलगी लुसू, समोरचे दात पडलेल्या वयाची, एका पावसाळ्यात तापाने गेली. त्याच पावसात काठावर झाकून ठेवलेली मिठाची रासही विरघळली. तेव्हापासून इनास एका जागी बसेना. जेवताना उठायचा, चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, चालू असताना उठून बाहेर जायचा. लुसू आता कुठे आहे, असं त्याने पाद्रीबाबांना विचारलं. ते म्हणाले, देवाजवळ. देव कुठे आहे? सगळीकडे. मग माझ्या चुलीपाशी का नाही, असं इनासने विचारलं म्हणे, आणि पाद्रीबाबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

एका पहाटे तो लाकडं तोडायला इथे आला. सूर्य उगवायचा होता, तरी कातळ उजळला. उजेड कुठून आला ते त्याला सांगता आलं नाही. त्या उजेडात लुसू हसत होती, पडलेल्या दातांच्या फटीतून हसायची तशीच. पण इनासला हलवून गेलं ते वेगळंच. ते हसू संपणारं नव्हतं. तिथे काहीच विरघळत नव्हतं. मग उजेड गेला. आज लोक म्हणतात, त्याला भास झाला असेल. असेल. पण भासासाठी कोणी कातळ फोडत नाही. इनासने फोडला. उजेड पुन्हा येईपर्यंत खाली उतरणार नाही, असा नवस बोलून त्याने छिन्नीने हे चार खळगे पाडले, वासे रोवले, वर माडाचे झाप घातले आणि काथ्याने गाठी मारल्या.

शेजारच्या आगरावरचा पास्कू लाकडांसाठी वर आला की टोमणे मारायचा. "इनास, दार जरा मोठं ठेव. देवाला वाकून यावं लागेल." इनास हसत नसे. कातरीन मात्र रोज पेज घेऊन चढायची आणि रिकामं मडकं घेऊन उतरायची. मूल तिचंही गेलं होतं. तिला कोणी खोपट बांधून दिलं नव्हतं.

उन्हाळा सरता सरता ताप पुन्हा गावात शिरला. घरोघर माणसं पडली. औषध देणारे वैद्य खाडीपलीकडे, आणि रोग्यांना उचलून होडीपर्यंत न्यायला खांदे कमी. एका संध्याकाळी कातरीन वर आली ती मोकळ्या हातांनी. खोपटाच्या तोंडाशी बसली. तिचे डोळे तापाने लाल झाले होते.

"लुसूच्या बापा, आज पेज नाही. मला ताप आहे. खाली चल."

"थोडी थांब," इनास म्हणाला. "आज उजेड येईल. मला आतून वाटतंय."

"येईल," ती म्हणाली. "आला की लुसूला सांग, आय खाली एकटीच गेली."

ती उठली आणि उतरू लागली. असे सांगतात की त्याच क्षणी इनासच्या पाठीमागे कातळ उजळला. त्याची स्वतःची सावली त्याच्या पुढ्यात पडली, आणि त्या सावलीच्या टोकाला कातरीन धडपडत उतरत होती. मान वळवायचाच अवकाश होता. ज्यासाठी त्याने सगळं सोडलं, ते मागे उभं होतं.

त्याने मान वळवली नाही. गाठी सोडल्या, वासे उपटले, दोन वाशांवर झाप बांधून डोली केली. खोपट पडताना खालून पास्कूला दिसलं. तो धावत वर आला. दोघांनी कातरीनला उचलून खाडीपार नेलं. त्या साथीत त्याच डोलीवरून निम्मं गाव वैद्यांकडे गेलं आणि बरंचसं बरं होऊन परत आलं. कातरीनही परत आली.

उजेड इनासला पुन्हा कधी दिसला नाही. म्हातारपणीही तो जेवता जेवता उठायचा आणि टेकडीकडे बघत उभा राहायचा. शेवटच्या दुखण्यात पाद्रीबाबांनी विचारलं, मन शांत झालं का? इनास म्हणाला, "नाही. झालं असतं तर मी इथलाच होऊन राहिलो असतो, लुसूकडे जायची ओढ उरली नसती."

आजही, प्रभूचं रूप डोंगरावर उजळल्याचं बायबल सांगतं त्या सणाला, भर पावसात गाव वर येतं. खळग्यांतलं पाणी उपसून वासे रोवतात, झाप घालतात, प्रार्थना म्हणतात, आणि सूर्य मावळायच्या आत सगळं सोडवतात. शेवटची गाठ ज्या घरात त्या वर्षी मरण झालं त्या घरातल्या माणसाने सोडायची. ओला काथ्या घट्ट बसतो, वेळ लागतो. गाठ सुटली की वासे खांद्यावर घ्यायचे आणि गावात जो कोणी अंथरुणाला खिळला असेल, आधी त्याच्या दारी जायचं. सिमेंटचं देऊळ असं सोडवून खांद्यावर घेता येत नाही.

उतरताना मागे वळून बघायला मनाई नाही. सगळेच बघतात.