ओढ्याकाठचा गुळगुळीत खडा

मुलांनो, दूर जपान देशात, एका डोंगराळ जंगलात एक अस्वल राहत असे. जंगलाच्या फुटबॉल संघाचा गोलकीपर तेच. हरीण गोल करी आणि टाळ्या मिळवी, ससा मैदानभर नुसता पळे, आणि अस्वल आपले चिखलात उभे राहून चेंडू अडवी. सलग तीन वर्षे संघ हरला नव्हता. तो कोणामुळे, हे सगळ्यांना ठाऊक होते. पण अस्वलाजवळ जाऊन तसे कधी कोणी बोलले नाही.

दर वर्षी पानगळ सुरू झाली की सर्वांत लाडका खेळाडू कोण, हे ठरे. प्रत्येक खेळाडूचे एक झाड असे. ज्याने त्याने आपल्या घराजवळचा एकच खडा आणायचा आणि आवडत्या खेळाडूच्या झाडाखाली गुपचूप ठेवायचा. स्वतःला मात्र द्यायचा नाही. त्या वर्षी कोल्ह्याने खडे मोजले आणि तो ओरडला, "पहिला नंबर हरणाचा! एकसष्ट खडे!" मग एकेक नाव घेत तो खाली आला. "ससा, एक खडा. अस्वल..." कोल्हा अडखळला. "अस्वलाला एकही नाही."

ससा मात्र हरखून गेला होता. अस्वलाकडे धावत जाऊन म्हणाला, "अस्वलदादा, मला एक खडा मिळाला! कुणाला तरी मी आवडतो!"

"आवडणारच रे. किती पळतोस तू!" अस्वल म्हणाले.

"माझा खडा मी हरणाला दिला. म्हटलं, दादाला काय, सगळेच देतील."

"बरं केलंस," एवढेच म्हणून अस्वल ओढ्याकडे निघून गेले. वेड्या सशाला तेव्हाही काही कळले नाही.

दुसऱ्या दिवशी तो आपला खडा मिरवत खारीकडे गेला. खारीने तो उलटसुलट करून पाहिला. "हा किती गुळगुळीत! आपल्या डोंगरावरचे सगळे खडे काळे नि खरखरीत. असा खडा ओढ्यातच सापडतो."

ओढ्याकाठी तर एकटे अस्वलच राहत असे! ससा जिवाच्या आकांताने ओढ्याकडे पळाला. पण गुहा रिकामी होती. पावलांचे ठसे डोंगरापलीकडे गेले होते आणि त्यांवर बर्फ पडू लागला होता. "दादा! अहो दादा!" ससा रडत हाका मारत राहिला. ओ कोणी दिली नाही.

पुढच्या वर्षी अस्वलाच्या झाडाखाली सर्वांत मोठा ढीग जमला. पहिला नंबर अस्वलाचा आला, पण तो ऐकायला अस्वल तिथे नव्हते. काळ्या खड्यांच्या त्या ढिगावर एकच खडा गुळगुळीत होता. तो सशाने ठेवला होता.

तात्पर्य : 'त्याचे कौतुक दुसरे कोणीतरी करीलच' असे सगळ्यांनीच धरून चालले, तर ते कोणीच करत नाही. म्हणून आपला चांगला शब्द आपणच बोलावा, आणि माणूस समोर आहे तोवर बोलावा.